साडेतीन महिने मी खाल्लेला पाव

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील मालक, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे मशीनमन, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि यंत्रं बंद ठेवून आलेल्या माझ्या छापखान्यातल्या मित्रांनो,

बाइंडरला पुस्तक शिवायला सांगावं, भाषण करायला नव्हे. तरी उभा राहिलोय, कारण ही गोष्ट माझ्याशिवाय कोणी सांगणार नाही.

यांना आपण ‘इंजिन’ का म्हणतो? उकळता चहा एका दमात घशाखाली, म्हणून! तंबाखूची पुडी आम्हा दोघांत एक, सुट्टीच्या दिवशीची बाटलीही एकच. बावीस वर्षं डबा समोरासमोर उघडला. दोन वर्षांपूर्वी हे आपला पाव मला देऊ लागले. "घे रे, मला भूक नाही." स्वतः नुसतं सूप पीत. मी म्हटलं, काय दिलदार माणूस! आणि हाणला. साडेतीन महिने.

शेवटी आमच्या घरातूनच तोफ डागली गेली. "तुमचा पट्टा पुरत नाही आणि भावजींचा कमरेवर राहत नाही. एकाच टेबलावर बसता ना? डोळे काय गहाण ठेवलेत?"

दुसऱ्याच दिवशी यांना ओढत नेलं. घास कधीपासून अडकतो, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. हे म्हणाले, "झाले असतील आठ-पंधरा दिवस." मी म्हटलं, "बाई, धादांत खोटं. साडेतीन महिने यांचा पाव मी खातोय."

अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. औषधं, किरणांचे शेक, मग मोठं ऑपरेशन. तंबाखू, दारू, कढत चहा, सगळ्यांनीच हातभार लावला असेल, असं बाई म्हणाल्या. मग मी कसा सुटलो? "नशीब समजा," बाई म्हणाल्या. पुडी मात्र मी त्याच दिवशी फेकली. "पाच वर्षांनी दहातले किती राहतात?" वहिनींनी सरळच विचारलं. "यांच्यासारख्यांत निम्म्याहून कमी. लवकर आलेल्यांत जास्त." ते ‘लवकर’ मला अजून झोंबतं.

इंजिन आता वाटीवाटीने सहा वेळा जेवतात, चहा कोमट घेतात. मशीनपाशी आठ तास उभं राहवत नाही, म्हणून हा निरोप.

मालकांचे आभार, वहिनींचे तर कोणत्या तोंडाने मानू? बोलण्यात कमीजास्त झालं असेल, ते आपण सांभाळून घ्यालच. पण त्या साडेतीन महिन्यांची माफी मी सभेकडे मागत नाही. इंजिन, ती तुझ्याकडे मागतो. तू लपवलंस, आणि मी समोर बसून पाहिलं नाही. रागवायचं असेल तर रोज दुपारी मी तुझ्या घरी येईन. घाई करू नकोस. चांगली वीस वर्षं रागव.