आधी मान कुणाचा?

अरे, मान म्हंजी काय ते मला विचारा! वडगाव रासाईला आमच्या सोपानच्या लग्नात माईकवाला एकेकाला सत्काराला स्टेजवर बोलवत होता. वर गेलेला माणूस काय खाली उतरायला तयार न्हाई. शेवटी एवढे फेटेवाले जमले, की स्टेजच कडकडून खाली बसलं! लागलं कुणालाच न्हाई, पण सगळे एकमेकांवर.

आम्ही उचलायला धावलो, तर तळातून भावकीतले थोरले आप्पा ओरडले, "थांबा! पयला मान माझा, आधी मला काढा!"

त्यांच्याच शेजारून नवरदेवाचे मामा गरजले, "लग्नात आधी मामाचा मान!"

सगळ्यांच्या वर पडलेले सरपंच हात जोडून म्हणाले, "मला हलवू नका रं! ह्यांच्या आधी उठलो तर दोन्ही घरची मतं जात्यात!"