बाबांच्या तळहातावरचा पत्ता

आता पोरं खिशात इंटरनेट घेऊन फिरतात, पण भैंशा गावातल्या आमच्या घरात मी वेबसाइट चालवून राह्यलो होतो तेव्हाचं ऐका. नव्वदचं दशक सरत आलं होतं. वेबसाइट घरच्याच कॉम्प्युटरवर, त्यात घरचेच फोटो, अन् पाहणारी एकटी ताई, पुण्याच्या हापिसातून. फोनची लाइन एकच, इंटरनेटबी तिच्यावरच. ती तुटून परत जुळली की वेबसाइटचा पत्ता, म्हणजे ते लांबलचक आकडे, बदलून जायचा. नवा पत्ता ताईला सांगायला फोन करावा, तर इंटरनेट तोडा. तोडलं की पत्ता पुन्हा बदलला!

म्हणून बाबा आकडे तळहातावर लिहून घेऊन एसटीडी बूथवर जायचे. एरवी दिवाळीलाच फोन करणारा माणूस! ते परत येतात तोच आई मावशीला फोन लावायला रिसीव्हर उचलायची, अन् लाइन खलास.

"आई, काऊन उचलला?" मी ओरडायचो. बाबा पुन्हा हात पुढे करायचे.

एक दिवस मी खुशीत सांगितलं, "बाबा, तोड सापडली. वेबसाइटला पक्कं नाव भेटलं. आकडे कितीबी बदलू द्या, आता ताईले सांगायची गरजच नाही."

बाबा चपला घालून दारात उभे होते. म्हणाले, "मंग आता पोरीले काय म्हनून फोन करू?"