मॉनिटरवरची पट्टी

एक्सेलवरून आठवलं. सत्त्याण्णव साली मी नवीनच कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला आलो होतो. शीट खाली सरकवली की वरची हेडिंग्ज गायब व्हायची. मग मी जुगाड केला. हेडिंग्ज कागदाच्या पट्टीवर लिहून टेपने मॉनिटरला चिकटवली आणि आता कशाला हवी म्हणून शीटमधली ती ओळ डिलीट केली!

एक दिवस मॅनेजरने मीटिंगआधी फाइल मागवली. मी पाठवली. तो तणतणत आला, "यातला कुठला आकडा कशाचा आहे?"

शेजारच्या क्युबिकलमधल्या नागपूरच्या कांबळेताई उठल्या. "आम्ही हेडिंगसकट लगेच पाठवतो," असं त्याला सांगून त्यांनी माझा माउस घेतला. ओळ परत टाइप केली, फ्रीझ पेन्स केलं. शीट कितीही सरकवा, हेडिंग्ज जागची हलेनात. नोकरी वाचली, यार!

मी म्हटलं, "ताई, ही पट्टी तुम्ही रोज बघत होतात. आधी का नाही बोललात?"

"अरे, रोज सकाळी आलास की तू तिला हात लावायचास. मला वाटलं, देवाचं काहीतरी आहे. कुणाच्या श्रद्धेत आपण कशाला बोलायचं?"

टेप सुटायची म्हणून दाबायचो हो मी! पण आजही फ्रीझ पेन्स केलं की मनातल्या मनात नमस्कार करतो. कांबळेताईंना.