हद्दीचा दगड

— नाही, तिथेच थांबा चोपदार, दगडाच्या पलीकडे. रागावू नका. सुभेदारसाहेब आमचे पाहुणे म्हणून आत गेले, एका चोपदाराला घेऊन, तेवढंच चालतं. बाकी तुम्ही पाचजण, रोमच्या सत्तेची निशाणी म्हणून खांद्यावर वागवता त्या काठ्यांच्या मोळ्या, त्यांत बांधलेल्या कुऱ्हाडी — सगळं बाहेर. आम्ही रोमचे मित्र, अंकित नव्हे. नाटकगृहाच्या भिंतीवर कोरलंय तसं. नाटकगृह केवढं? सगळं गाव बसलं तरी मागच्या ओळी रिकाम्या राहतात!

घ्या, अंजीर घ्या. अंजिरांना हद्द नसते. मी हिप्सिक्लीस, यंदाचा हद्दरक्षक — म्हणजे या दगडाशी उन्हात बसणारा म्हातारा. मतदानाने निवडून आलोय हो, दुसरं कुणी उभंच नव्हतं. हसा, हसा. आमचे कायदे आमचे, न्यायसभा आमची, कर रोमला एक दाणा नाही. दरवर्षी सम्राटाला सोन्याचा मुकुट पाठवतो तेवढाच, तोही स्वखुशीने. नाही पाठवला तर? कुणास ठाऊक, तशी खुशी अजून कुणाला झाली नाही.

आमचा जावईही असाच हसला. पापियास. भर सभेत उठून म्हणाला, ‘आपण स्वतंत्र आहोत, हे रोमला विचारून घेतलंय ना?’ सगळे हसले — मीही हसलो, तोंडावर हात धरून — आणि मग त्याच सभेने त्याला पाच वर्षं हद्दपार केलं. नगराच्या स्वातंत्र्याचा अपमान! आज सूर्य मावळायच्या आत बाहेर. आणि आफिया, माझी मुलगी, त्याच्यासोबत निघालीय. सातवा महिना आहे तिला. मी म्हटलं, बाळंतपण होऊ दे. तर म्हणते, ‘बाबा, आई असती तर राहिले असते.’ आई नाही. घरी मी आणि दोन शेळ्या.

नाही, मी सुभेदारांकडे जाऊ शकत नाही. आपल्या सभेच्या निकालावर रोमकडे दाद मागायची नाही, असा कायदा आहे. चांगला कायदा आहे. पण तुम्ही — म्हणजे सहज, स्नानगृहात त्यांच्या कानावर घातलंत, की बुवा अशी एक गरोदर मुलगी आहे — ते जेवताना एक शब्द बोलले तरी आमचे सभासद घास टाकून निकाल फिरवतील. मी काही सांगितलं नाही. मी तर अंजीर खातोय.

जाता? खरंच? देव तुमचं — थांबा. ती मोळी इथे ठेवा. मी सांभाळतो की. खाली ठेवता येत नाही? अहो, घटकाभर! इथे बघतंय कोण? मी? मी तिकडे तोंड करून बसतो, हं? हा बसलो. जा, लवकर जा, ती बघा, वळणावर आफियाची गाडी दिसतेय, जा —

ए चोपदार! मागे! पाय मागे घे! कुऱ्हाड घेऊन आत? मित्रनगर आहे हे! मागे हो म्हणतो ना!

...

बसा. रागावू नका, तोंडून आपोआपच निघालं. नाही, आता नका जाऊ. आली गाडी. ती मोळी जरा बाजूला घ्या, बैल बुजतील.