पोटातली साकर

मी सूर्यमाळकडल्या पाड्यावरची, जल्मले तिथं आणि दिली पण शेजारच्याच पाड्यात, थोडी नागली, थोडा भात, दिवाळी झाली का भिवंडीकडं वीटभट्टीवर जायाचं, पावसाळ्याला परत, असाच आमचा जल्म ताई. थोरल्या पोराच्या वेळी मोखाड्याच्या दवाखान्यात गोड पाणी पाजलं, बसवून ठेवलं, रक्त घेतलं, सिस्टर बोलली तुझे रक्तात साकर आली. मना हसू आलं, बोलले, आमचेकडं कोरा चहा, साकर आली कुठून? ती बोलली, ही खायाची साकर नाय बाय, पोटुशीपणी चढते, पुढल्या खेपेला पहिल्यापासून सांभाळायाचं. पोर चांगला झाला.

दुसऱ्या खेपेला भट्टीवरच दिवस गेले. तिथल्या दवाखान्यात मी सांगितलं, मागं साकर होती. डाक्टर बोलला, कागज किधर है? कागद पाड्यावर. मग बोलला, बाद में देखेंगे, न रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. पोट लई वाढलं, बाया बोलल्या बाळ गुटगुटीत हाय, मी पण खूश, मना काय माहीत. एक दिवस विटा रचता रचता कळलं, पोटात हालत नाय. मुलगी होती. मोठी, भरलेली, काळेभोर केस, काय सांगू तुम्हाला, झोपलीय असंच वाटं. मग रक्त बघितलं, साकर लई चढलेली. मी बोलले, सांगितलेलं ना मी.

तिसऱ्या खेपेला मोखाड्याच्या सिस्टरनं कार्ड काढलं, जुनं सगळं त्यात भरलं. परत भट्टीवर गेलो, तर तिथल्या नव्या सिस्टरनं कार्डाचा नंबर कम्प्युटरात टाकला आणि आपणच बोलली, पहिल्या वेळी शुगर होती, दुसरं बाळ गेलं, चल, आजच रक्त तपासू. मी तोंड पण उघडलं नव्हतं. तिथंच रडले. ती बोलली, घाबरू नको, सुईनं साकर उतरेल. घाबरत नव्हते ताई, वाटलं, हे तेव्हा दिसतं तर. पोरांचा बापुस रोज सुई टोचायचा, विटा उचलणारा माणूस, पण टोचायच्या आधी मनाच विचारायचा, दुखंल का?

ही झाली, मांडीवर हाय ती. माझी साकर मात्र उतरली नाय, राहिलीच, गोळ्या चालू हायत. तपासणीची येळ आली का आशाताईचा फोन येतो, मी कुठं पण असले तरी. ज्यांनी हे दवाखाने असे जोडले त्यांच्या लेकीबाळी सुखी राहोत. पण ती मधली गेली, तिला पाड्यावर कोणी बघितलं पण नाय. कोणी विचारलं किती पोरं, तर पोरांचा बापुस दोन सांगतो. मी तीन सांगते.