न विचारलेला अर्थ

(आयोवातलं एक गाव. काउंटीच्या स्पेलिंग स्पर्धेची अंतिम फेरी आत्ताच संपली आहे. शाळेबाहेर उभ्या गाडीत लॉइड आणि त्याची मुलगी टेस.)

लॉइड : अर्थ विचारायचा ना गं. विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत, माहितीये तुला.

टेस : माहितीये.

लॉइड : 'स्टेशनरी' म्हणजे कागद-पाकिटंही आणि एका जागी उभं असलेलंही. उच्चार तोच, स्पेलिंग वेगळं. मागच्याच आठवड्यात दोन्ही घोकली आपण. आणि तू सरळ कागदवालं सांगून मोकळी.

टेस : कुठलंतरी एक सांगायचंच होतं.

लॉइड : कुठलंतरी?

टेस : बाबा, अर्थ विचारला असता तर मला बरोबर आलं असतं. मग मुद्दाम चुकणं म्हणजे लबाडी. न विचारणं नियमात बसतं.

लॉइड : म्हणजे तुला हरायचं होतं?

टेस : नशिबावर सोडलं. जिंकले असते, तर राज्याच्या स्पर्धेसाठी पुन्हा रोज जेवण झालं की त्या याद्या.

लॉइड : कंटाळली होतीस तर बोलायचंस की. मी काय खाल्लं असतं तुला?

टेस : शब्दांना नाही कंटाळले. आई गेल्यापासून तू माझ्याशी दुसरं काही बोलतच नाहीस. शब्द, अर्थ, वाक्य. झालं, झोप आता.

लॉइड : हं.

टेस : रागावलास?

लॉइड : नाही गं. मला दुसरं सुचायचंच नाही. यादी हातात असली की तेवढा वेळ तुझ्या आईचा विषय निघायचा नाही. निघाला तर तू रडशील, वाटायचं.

टेस : रडले असते. तूही रडला असतास.

लॉइड : त्याचीच तर भीती.

टेस : काही होत नाही, बाबा. मेबल आत्याकडे मी किती वेळा रडलेय. मग ती लोणी लावून मक्याचा पाव देते.

लॉइड : मेबलला माहीत, आणि मला नाही. शाबास. बरं, खरं सांगू? तू चुकल्याची घंटी वाजली तेव्हा सगळे हळहळले, आणि मला मात्र त्या याद्यांतून सुटल्यासारखं वाटलं. बापाला असं वाटावं? म्हणून मघापासून तुझ्यावर खेकसतोय.

टेस : आता तर हसतोयस.

लॉइड : तूसुद्धा. बरं, आज जेवल्यावर काय करायचं मग?

टेस : तू आणि आई पहिल्यांदा कुठे भेटलात, ते सांग.

लॉइड : लांबलचक आहे ते. पार गुरांच्या बाजारापासून सुरू होतं.

टेस : होऊ दे. उद्यासाठी मला काही पाठ करायचं नाहीये.