गॅरेटचं कोपर

(ओहायोतलं एक छोटं गाव. जुलैची एकतीस तारीख, दुपारचे साडेचार. संघांनी आपसात खेळाडूंची अदलाबदल करायची मुदत चारला संपली आहे. हॉस्टेटलरांच्या स्वयंपाकघरात लोर्ना मक्याची कणसं सोलते आहे. तिचा नवरा मर्ल वर्तमानपत्र उघडून बसला आहे आणि ते वाचत नाही. गावचा बेसबॉल संघ म्हणजे एका मोठ्या क्लबचा खालचा संघ, तिथे तयार झालेली पोरं वरच्या संघात जातात. त्याचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, गॅरेट क्लबच्या सोयीने दोन उन्हाळे त्यांच्याकडे राहतो आहे. तो दारातच उभा आहे, खांद्यावर बॅग.)

गॅरेट: काकू, मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं.

लोर्ना: तू सांगितलंस कुठे? मला दिसलं. पहाटे पाच वाजता बर्फाच्या बादलीत कोपर बुडवून बसला होतास, चेहरा पांढराफटक. मग विचारणार नाही का मी?

गॅरेट: आणि मी म्हटलं, कुणाजवळ बोलू नका. तुम्ही हो म्हणालात.

लोर्ना: म्हणाले. पण झालंय काय? कालपर्यंत तर तू पश्चिमेकडच्या संघात निघाला होतास. तुझे शर्टसुद्धा इस्त्री करून ठेवलेत मी.

गॅरेट: नाही जात. दुपारी एजंटचा फोन आला, समोरच्यांनी अंग काढून घेतलं. म्हणाले, पोराच्या कोपराचं काही खरं नाही असं आमच्या कानावर आलंय. कानावर, काकू. कागदावर नाही. डॉक्टरांना मी कधी सांगितलंच नाही, तर कागदावर येणार कुठून?

लोर्ना: अरे देवा.

गॅरेट: काल तिसऱ्या डावानंतर मॅनेजरने मला मैदानाबाहेर काढलं. एकेक जण येऊन मिठी मारायला लागला. सामना चालू असताना मिठ्या सुरू झाल्या की अख्ख्या स्टँडला कळतं, पोरगा दुसऱ्या संघात गेला म्हणून. तीन हजार माणसं उभी राहिली. आणि आज मी परत संघाच्या त्याच खोलीत जाऊन कपाटात बूट लावायचे? शुक्रवारी मी खऱ्या लीगमध्ये चेंडू टाकणार होतो. बाबांनी विमानाचं तिकीट काढलं होतं. दुधाचा टँकर चालवणारा माणूस, जन्मात विमानात बसला नाही.

लोर्ना: गॅरेट, माझ्याकडे बघ. मी बाहेर कुणाला अवाक्षर बोललेले नाही. चर्चमध्ये नाही, बहिणीला नाही.

गॅरेट: आणि घरात?

लोर्ना: घरात…

गॅरेट: काकू.

लोर्ना: मर्लला बोलले. मला झोपच येईना. म्हटलं, हा जन्मभर बेसबॉल बघतोय, याला कळेल हे कितपत वाईट आहे. मर्ल, तो पेपर खाली ठेव.

मर्ल: ऐकतोय मी.

लोर्ना: ऐकू नकोस, बोल. कुणाला सांगितलंस?

मर्ल: सांगितलं असं नाही. ड्वेन शेजारी बसला होता.

लोर्ना: हा ड्वेन कोण?

गॅरेट: पश्चिमवाल्यांचा स्काउट. महिनाभर वेग मोजायचं यंत्र घेऊन मागे बसतोय, मला पारखायला. काकांना रोज शेंगदाणे खिलवतो.

मर्ल: शेंगदाण्यांसाठी नाही सांगितलं.

लोर्ना: मग कशासाठी सांगितलंस?

मर्ल: मिठ्या सुरू झाल्या ना. म्हटलं, हा पण गेला. आणि कुणाच्या बदल्यात? पस्तीस वर्षांचा दमलेला बॅटर, दोन महिन्यांसाठी. आपले वरचे मालक दरवेळी हेच करतात. मार्चमध्ये सांगतात, थोडं थांबा, पोरं तयार होतायत. आम्ही थांबतो. वरचा संघ रोज मार खातो, आम्ही खालच्या पोरांची नावं पाठ करत बसतो. आणि पोरं तयार झाली की जुलैत देऊन मोकळे. नऊ वर्षांपूर्वी चौघं गेले. चौघंही आज टीव्हीवर दिसतात, दुसऱ्यांच्या टोप्या घालून. या वेळी तू होतास, तो शॉर्टस्टॉपला खेळणारा पोरगा आहे, तो दुसरा डावखुरा पिचर आहे. तिघं एकत्र वर गेला असतात… मला ते एकदा बघायचं होतं, गॅरेट. माझं वय काही मागे जात नाहीये.

गॅरेट: काय म्हणालात त्याला? जसंच्या तसं सांगा.

मर्ल: म्हटलं, घेताय तर घ्या, पण कोपर बघून घ्या. पहाटे बर्फात हात बुडवून बसतो.

लोर्ना: बर्फाचंसुद्धा सांगितलंस.

मर्ल: त्याचा विश्वास बसायला नको?

गॅरेट: बसला.

मर्ल: हे बघ, मी काही खोटं बोललो नाही. दुखतंय हे खरंच आहे. तिकडे जाऊन तुटलं असतं तर? एका परीने वाचवलंच मी तुला.

गॅरेट: तुटलं असतं तर तिकडे तुटलं असतं. एक डाव, अर्धा डाव, काहीही. बाबा समोर बसलेले असते. आता आपल्याच क्लबच्या डॉक्टरांनी सोमवारी बोलावलंय. त्यांनाही कळलंय ना. कोपराचं ऑपरेशन केलं की वर्ष गेलं, आणि वर्षभरात माझ्यासारखे दहा येतात. हे तुम्हीच मला सांगत असता, काका.

मर्ल: मला वाटलं, ते नको म्हणतील आणि तू इथे राहशील. एवढंच. आपल्यांपर्यंत जाईल हे डोक्यातच आलं नाही.

गॅरेट: मैदानावर प्रत्येक जण मला मोजत असतो. वेग, उंची, मी चालतो कसा, जेवतो किती. त्याचं काही वाटत नाही, धंदाच तो आहे. पण इथे आलो की वाटायचं, इथे कुणी मोजत नाही. दोन वर्षं या टेबलाशी मी मोकळेपणाने बसलो. मूर्ख होतो.

मर्ल: तुझं वाईट व्हावं असं माझ्या मनातसुद्धा…

लोर्ना: तू आता गप्प बस. छत्तीस वर्षं संसार केला तुझ्याबरोबर. मी घाबरून, नवरा म्हणून तुझ्याजवळ बोलले, आणि तू ते उचलून स्टँडमध्ये नेलंस. तेही एक वेळ मी गिळलं असतं. पण आत्ता हा मला तोंडावर विचारत होता, आणि तू पेपर धरून बसलास. मला एकटीला उभं केलंस, मर्ल.

मर्ल: सांगणारच होतो.

लोर्ना: कधी?

मर्ल: सांगणार होतो गं.

गॅरेट: जाऊ द्या, काकू. मी तुमच्यावर संशय घेतला, मला माफ करा. मोटेलात आमचे दोघं आहेत, त्यांच्या खोलीत पडेन. उरलेलं सामान उद्या नेतो.

लोर्ना: जेवून तरी जा.

गॅरेट: नको.

लोर्ना: थांब जरा, फोन वाजतोय. हॅलो? हो, लोर्ना बोलतेय. आज? आज कसं… बरं, एक मिनिट धरा. गॅरेट, क्लबच्या ऑफिसातून आहे. तू जाणार असं धरून त्यांनी कालच आपली खोली दुसऱ्या कुणाला देऊन टाकली. नवा कॅचर आहे, बसमधून निघालासुद्धा. काय सांगू यांना?

मर्ल: नव्या पोरांच्या वार्षिक निवडीत कितव्या फेरीत घेतलेला आहे?

लोर्ना: मर्ल.

मर्ल: नुसतं विचारलं.

गॅरेट: दुसऱ्या. ओळखतो मी त्याला. येऊ द्या, काकू, चांगला मुलगा आहे. मी सांगेन त्याला, घर स्वच्छ आहे, जेवण उत्तम मिळतं. फक्त जेवताना काही बोलू नकोस.